गाड्या लागायच्या आत

पोळा झाला. दसऱ्याला आता सव्वा महिना उरला आहे. जे काही करायचं ते याच सव्वा महिन्यात करावं लागणार, म्हणून घाईनं हे लिहिते आहे.

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, नांदेडच्या वाड्यावस्त्यांवर आणि तांड्यांवर ट्रक-ट्रॅक्टर लागतील. भांडीकुंडी, पाण्याचे पिंप, ताडपत्री, बाजरी-ज्वारीची पोती, शेळ्या आणि लेकरं वर चढतील. कुलूपबंद घरांच्या ओट्यांवर म्हातारी माणसं मागं राहतील. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी सातारा-सोलापूरला, कुणी सीमा ओलांडून बेळगावकडं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेपर्यंत, गावात परतणं नाही. किती माणसं जातात? कुणी आठ लाख सांगतं, कुणी दहा, कुणी बारा लाखांच्याही पुढं नेतं. ज्या राज्यात उसाचा टन न टन काट्यावर चढतो, तिथं तो ऊस तोडणाऱ्या माणसांची पक्की मोजदाद अजून झालेली नाही.

गाड्या लागतात तो दिवस सगळ्यांना दिसतो. वर्तमानपत्रांत फोटो येतात, ओस पडलेल्या गावांच्या बातम्या येतात. पण त्या कुटुंबांचं वर्ष त्या दिवशी ठरत नसतं. ते आत्ता ठरतं आहे, या पावसाळ्यात, टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात येतो तेव्हा. कारखान्याकडून वाहतूकदाराला, वाहतूकदाराकडून मुकादमाला आणि मुकादमाकडून जोडीला, असा पैसा खाली येतो. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. बाँड होतो, सही होते किंवा अंगठा उठतो, आणि तो नवऱ्याचा असतो. उचल मात्र दिलेली असते कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. दोघंही ऊस तोडतात. पाचट काढणं, मोळ्या बांधणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणं यात बाई कुठंच मागं नसते. त्यावर पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवायची तिनं, आणि अपरात्री गाडी भरायला आली की लेकरू कोपीत, म्हणजे झोपडीत, निजवून पुन्हा उसाच्या फडात जायचं तिनंच. कर्ज दोघं फेडतात. सौदा ठरतो तेव्हा तिला कुणी विचारत नाही, आणि हिशोबाच्या वहीत तिचं नाव नसतं.

माझं मागणं साधं आहे. यंदा एकही टोळी अशी निघू नये, जिच्यात हिशोब कळणाऱ्या, तोंड उघडणाऱ्या आणि बाकीच्या बाया ज्यांच्या मागं उभ्या राहतील अशा किमान दोन बाया नाहीत. एक म्हणत नाही, दोन म्हणते, कारण एकटी पडलेली बाई पहिल्याच धमकीला गप्प होते. फडावर गेल्यावर हे काम होत नाही. तिथं अंगात त्राण उरत नाही आणि चार बाया एका जागी बसतील एवढा वेळही मिळत नाही. बाया सापडतात त्या आत्ता, आपल्या गावात, आपल्या दारात.

गेल्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर देवळाच्या ओट्यावर बायांची बैठक झाली. वीसेक बाया होत्या. काही पाठीमागं डोईवर पदर घेऊन बसलेल्या, काही लेकराला पाजत. त्या दिवशी भाषण ठेवलं नव्हतं, गणित ठेवलं होतं. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. हा आकडा त्यातल्या दोघी-तिघींनाच ठाऊक होता. सातवीतल्या एका पोरीनं आईच्या सांगण्यावरून पाटी घेतली. उचल एक लाख धरली. भागिले ३६६. उत्तर आलं २७३ टन. मग पोरीनं विचारलं, दिवसाला तुम्ही किती तोडता? कुणी दीड टन म्हणाली, कुणी दोन. दोन टनांनी हिशोब केला तर १३७ दिवस झाले. एकही दिवस न चुकता साडेचार महिने, तेही नुसती उचल फिटायला. त्यात किराणा नाही, दवाखाना नाही, हंगामात मधे घेतलेले हातउसने पैसे नाहीत. दीड टनांनी केला तर १८२ दिवस. एवढा तर हंगामच चालत नाही.

एक पोक्त बाई, लग्न झाल्यापासून फडावर जाणारी, ती पाटी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारायला सुरुवात केली. आमची बाकी दरसाल पुढं ओढली जाते ती कशी लिहितात? खेपा कोण मोजतं? काट्याची पावती कुणाकडं राहते? आमच्या जोडीनं किती टन तोडले हे आम्हाला शेवटच्या दिवशीच का कळतं? हे प्रश्न आम्ही बाहेरून नेलेले नव्हते. तिच्या मनात ते कितीतरी वर्षं होते, विचारायला जागा नव्हती. त्या बैठकीत ठरलं की मुकादमाच्या वहीला जोडीदार म्हणून टोळीची स्वतःची वही राहील. रोजची खेप, गाडीचा नंबर, पावतीवरचं वजन, कोण आजारी, किती खाडा. लिहायची कुणी, तर टोळीतल्या दहावीपर्यंत शिकलेल्या एका सुनेनं.

पट्टा पडल्यावर दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा खेपांत फरक निघाला. वादावादी झाली, पण लिहिलेलं खोडता येईना. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच वहीच्या जोरावर मुकादम स्वतः वाहतूकदाराकडं भांडायला गेला, कारण वरच्या पायरीवर त्याचीही खोट होत होती. मुकादम हा बहुतेकदा याच वस्तीतला, याच भावकीतला माणूस असतो. त्याच्या डोक्यावरही बोजा असतो. त्यानं केलेली दमदाटी मी झाकून ठेवणार नाही. पण त्याच्यावर सगळं ढकलून कारखाना नामानिराळा राहतो, हे दिसत असूनही आपण रोजच्या भांडणात फक्त त्याच्याशीच भांडत बसतो. त्या टोळीतल्या बायांना ही साखळी पुस्तकातून शिकवावी लागली नाही. वही ठेवली तशी ती दिसत गेली.

बायांचं नेतृत्व म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे असतं. व्यासपीठावर बसणारी, हार घालून घेणारी बाई नको आहे. वही ठेवणारी, प्रश्न विचारणारी, दुसरीला घेऊन तहसीलला जाणारी, चार जणींचं ऐकून घेऊन एक मागणी मांडणारी बाई हवी आहे. ऊसतोड कामगारांच्या नावावर आजवर पुष्कळ नेते मोठे झाले. त्यातल्या काहींनी खरोखर कष्ट घेतले. बबनराव ढाकण्यांनी संघटना बांधली, संप केले. गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांच्या लवादातून दर वाढले, हे कुणी नाकारू नये. पण दर ठरवायच्या त्या टेबलाशी ऊस तोडणाऱ्या बाईसाठी राखलेली खुर्ची नाही, आणि ती नाही म्हणून बोलणी दराशी येऊन थांबतात. खाड्याचं काय, कोपीजवळ पाणी आणि संडासाचं काय, बाळंतपणात मजुरी बुडते तिचं काय, रात्री गाडी भरताना बाईच्या सुरक्षिततेचं काय, हे विषय टेबलावर येतच नाहीत.

खाड्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण शहरातल्या वाचकाला हा शब्द ठाऊक नसतो. एका दिवसाचं काम चुकलं की जोडीच्या हिशोबातून दंड कापला जातो, त्याला खाडा म्हणतात. पाचशे, हजार, जसा सौदा असेल तसा. ताप आला तरी खाडा, लेकरू आजारी पडलं तरी खाडा, पाळीत अंगावरून जास्त जात असेल आणि उठवत नसेल तरी खाडा. काम न केल्यानं मजुरी तर गेलीच, वर दंड. १८९० सालच्या जून महिन्यात नारायण मेघाजी लोखंड्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशननं मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं लोटली. ऊसतोडीच्या बाईला आठवड्यातून एक दिवस पाठ टेकायची असेल तर आजही तिला त्याचे पैसे भरावे लागतात.

या खाड्याची किंमत शरीरानं कशी चुकवली गेली ते २०१९ मध्ये सगळ्या देशानं वाचलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीत काम होत नाही, ही तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जायची आणि पिशवी काढून परत यायची. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून, आणि पुढच्या हंगामात त्या अंगानं पुन्हा मोळी. चौकशी झाली, नियम आले, खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं. ते चांगलंच झालं. पण आजही वस्तीवरच्या बाईला दुसरं मत घे, घाई करू नको, तुझ्याबरोबर मी येते, असं सांगणारं माणूस हवं असतं, आणि ते माणूस सरकारी परिपत्रकातून येत नाही. बीडमध्ये टोळीतल्याच शिकलेल्या बायांना प्राथमिक उपचाराचं प्रशिक्षण आणि औषधांची पेटी देऊन पाठवण्याचा प्रयोग झाला आहे. अशा बाईकडं इतर बाया लाज सोडून बोलतात. तिच्या पेटीत ताप, जखम, चक्कर यांवरची औषधं असतात. पण त्या पेटीमुळं टोळीत तिचं म्हणणं ऐकलं जाऊ लागतं, हा त्या प्रयोगाचा मला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो.

हे जमणार आहे का, असं लोक विचारतात. पाच-सहा महिने घर बंद करून फिरणारी, बहुतांश न शिकलेली, कर्जात बुडालेली माणसं संघटित होतात का? महाराष्ट्रात तरी हा प्रश्न विचारायचं कारण उरलेलं नाही. पुण्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे हमाल बाबा आढावांबरोबर पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायतीत एकत्र आले. हमालीच्या कामाला मालक कोण हे सांगता येत नाही, म्हणून कायदा लागू होत नाही, असं तेव्हाही बोललं जायचं. १९६९ साली माथाडी कायदा आला आणि मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी, बोनस या गोष्टी त्याच कामगारांच्या वाट्याला आल्या. त्याच हमालांनी १९७४ मध्ये कष्टाची भाकर हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं. १९९३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचक बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. कचरापेटीत हात घालणारी बाई चोर समजली जात होती, पोलीस हटकत होते. संघटना झाली, महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र गळ्यात आलं, आणि पुढं त्याच बायांच्या स्वच्छ सहकारी संस्थेशी महापालिकेनं दारोदारच्या कचऱ्यासाठी करार केला. या बायांपैकी कितीतरी जणी पुढं आयुक्तांसमोर बसून बोलल्या, परगावी जाऊन आपलं काम समजावून आल्या.

या सगळ्या ठिकाणी पहिली काही वर्षं नुसत्या बैठकांची होती. ओळखपत्र, वर्गणीची पावती, महिन्याची ठरलेली बैठक, आणि आलेल्या प्रत्येकाला बोलायची पाळी. बाहेरून आलेले कार्यकर्ते होते, शिकलेले होते, पण सही, वही आणि वर्गणी कामगारांच्या हातात राहिली म्हणून संघटना टिकली. वर्गणीचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. वीस रुपये का होईना, बाईनं स्वतःच्या कनवटीचे काढून दिले की ती संघटनेला जाब विचारते. फुकट मिळालेल्या सभासदत्वाचा जाब कुणी विचारत नाही.

हमालाचा बाजार रोज एकाच ठिकाणी भरतो. कचरावेचक बाई रात्री आपल्या वस्तीत परत येते. ऊसतोड टोळी मात्र दरसाल वेगळ्या कारखान्याला, वेगळ्या फडावर, कधी वेगळ्या राज्यात असते. हीच इथली खरी अडचण आहे. शिवाय पुढं होऊन बोलणाऱ्या बाईची किंमत तिच्या घराला मोजावी लागते. त्या जोडीला पुढच्या साली उचल द्यायची नाही, असं मुकादम आपसात ठरवतात. नवऱ्याला चारचौघांत बोल लावले जातात. बैठकीला आलेल्या दिवसाची खुरपणीची मजुरी बुडते. नेतृत्व घडवायचं म्हणजे या तिन्ही गोष्टींची भरपाई कशी करायची ते आधी ठरवायला हवं. शिबिर घेऊन, जेवण देऊन, फोटो काढून बाई नेता होत नाही. तिची बुडालेली मजुरी कोण देणार, तिच्या घरावर बहिष्कार पडला तर गाव कुणाच्या बाजूनं उभं राहणार, याचं उत्तर आपल्यापाशी हवं.

आणि वेळ थोडाच आहे, याचं आणखी एक कारण. दरवर्षी फडांत तोडणी यंत्रं वाढताहेत. सपाट, मोठ्या रानात यंत्र जाईल आणि अडचणीचा, आडवा पडलेला, चिखलातला ऊस माणसाच्या वाट्याला राहील. काम कमी आणि हात जास्त झाले की विखुरलेल्या माणसाला मिळेल त्या दरावर जावं लागतं. आज संघटना बांधली तर यंत्र आल्यावर काय, हा प्रश्न कारखान्यांना आणि सरकारला विचारता येईल. आणखी पाच वर्षांनी विचारायला मागं कुणी उभं नसेल.

आता, कुणी काय करायचं.

ज्या गावांतून टोळ्या जातात तिथल्या ग्रामपंचायत सदस्यांनो, विशेषतः महिला सदस्यांनो, येत्या ग्रामसभेत एक विषय घ्या. आपल्या गावातून जाणाऱ्या प्रत्येक जोडीची यादी, आणि त्या यादीत नवरा आणि बायको दोघांची वेगवेगळी नावं. ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं ग्रामसेवकामार्फत होतात. तिथं अर्ज करताना बाईचा अर्ज वेगळा भरून घ्या. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागं कारखान्यांकडून दहा रुपये आणि सरकारकडून तेवढेच, अशी तरतूद ठरलेली आहे. तो पैसा या माणसांसाठीच आहे. पण ज्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही, तिच्यापर्यंत तो कुठल्या वाटेनं पोचणार?

गुरुजींनो, बाईंनो, शाळेच्या हजेरीतून दिवाळीनंतर गळणारी नावं तुम्हाला आत्ताच सांगता येतात. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढं आत्ता ठेवा. लेकरं गेल्यावर सर्वेक्षण करून उपयोग नाही. संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहं मंजूर झाली आहेत, मुलांचं एक आणि मुलींचं एक. आपल्या तालुक्यातलं कुठं आहे, जागा किती, अर्ज कधी, हे पालकांना वस्तीवर जाऊन सांगा. मोठी पोरगी शाळेत राहिली की फडावर धाकटं लेकरू कुणी सांभाळायचं, हा आईचा प्रश्न टाळू नका. त्याचं उत्तर कारखान्याच्या तळावरची अंगणवाडी आहे आणि ती मागायला बायांची टोळीच लागणार आहे.

ऊसतोड कामगारांच्या शिकलेल्या मुला-मुलींनो, तुमच्यातले कुणी पोलीस भरतीची तयारी करताय, कुणी पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देताय, कुणी नर्सिंगला आहात. तुमच्या आया त्याच फडावर आहेत. पंधरा दिवस गावी या. वस्तीवर बसून बायांना हिशोबाची वही कशी ठेवायची ते दाखवा, काट्याची पावती वाचायला शिकवा, फोनमध्ये पावतीचा फोटो काढून ठेवायला शिकवा. एक देश एक रेशन कार्डामुळं फडाजवळच्या दुकानातही धान्य मिळतं हे सांगा, आणि जाण्याआधी आधार जोडणी तपासून द्या. उचल फिटली नाही म्हणून माणसाला डांबून ठेवणं, लेकराला अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार जिल्हाधिकारी, तहसीलदारांकडं होते. फडावर छेडछाड झाली तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणं तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. हे सगळं साध्या भाषेत एका पानावर लिहून प्रत्येक टोळीतल्या त्या दोन बायांच्या हातात द्या. त्यांच्या वतीनं तुम्ही भांडायला जाऊ नका. त्या जातील तेव्हा त्यांच्या मागं उभे राहा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांनो, या कुटुंबांच्या कोप्या तुमच्या गावच्या माळावर, कॅनॉलच्या कडेला, तुमच्याच उसाच्या बांधाला पडणार आहेत. पाच महिने ती तुमच्या गावची माणसं आहेत. कोपीपासून पिण्याचं पाणी किती लांब आहे, संडासाची काय सोय आहे, गरोदर बाईची नोंद तुमच्या आशाताईकडं झाली का, हे तुमच्या ग्रामपंचायतीनं विचारलं तर कारखान्याला उत्तर द्यावं लागेल. तुमच्यापैकी बरेच जण त्या कारखान्याचे सभासद आहात. सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर बोलता, रिकव्हरीवर बोलता. यंदा तोडणी कामगारांच्या सोयींवर एक प्रश्न विचारा.

कामगार संघटनांतल्या मित्रांनो, तुम्ही वर्षानुवर्षं दरासाठी भांडता आहात. तुमच्याशिवाय हे होणार नाही. पण पुढच्या बोलणीला जाणाऱ्या शिष्टमंडळात अर्ध्या बाया नेल्या नाहीत तर अर्ध्या कामगारांना बाहेर ठेवून तुम्ही आत गेलात असंच होईल. त्यांना बोलायची सवय नाही हे कारण सांगू नका. आत्ता तालुक्याच्या बैठकीत बोलू द्या, मग जिल्ह्याच्या, मग त्या मुंबईतही बोलतील.

आणि शहरात बसून हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातली साखर याच हातांतून येते. पैसे द्यायचे असतील तर कपडे आणि ब्लँकेटांसाठी देऊ नका, ती मदत थंडीपुरती असते. ऊसतोड बायांमध्ये काम करणारी संघटना शोधा, तिचा हिशोब मागा, आणि बैठकीला येणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी, तिचं एसटीचं भाडं, तिच्या लेकराला सांभाळणाऱ्या बाईचा रोज यासाठी द्या. कुणी डॉक्टर असाल, वकील असाल, हिशोब तपासनीस असाल तर दसऱ्याआधीचा एक रविवार त्या वस्त्यांसाठी काढा.

मी जिथं काम करते तिथं यंदा जितक्या वस्त्यांवर जाता येईल तितक्यांवर आम्ही जाणारच आहोत. पण वस्त्या हजारो आहेत आणि जाणारी माणसं मोजकी. म्हणून कुणी बोलावण्याची वाट बघू नका. तुमच्या ओळखीतल्या एका टोळीपासून सुरुवात करा. पहिली बैठक घटस्थापनेच्या आत व्हायला हवी. नवरात्रात बाया घरच्या कामांत अडकतात आणि तोवर मुकादमाचा शेवटचा फेराही होऊन गेलेला असतो. वेळ संध्याकाळची ठेवा, भाकऱ्या थापून झाल्यावरची. नवऱ्यांना आधी जाऊन भेटा, कशासाठी बैठक आहे ते मोकळेपणानं सांगा, हिशोब त्यांचाही आहे. सोबत दोन वह्या, पेन, टॉर्च आणि आधार कार्डांच्या झेरॉक्ससाठी थोडे सुटे पैसे न्या. पहिल्या पानावर टोळीतल्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव लिहून घ्या, आणि वही त्यांच्याकडंच ठेवून या.